न्यूरोपॅथीचं निदान झालं की डॉक्टरांनी आधी एका जुन्या पेशंटशी गाठ घालून द्यावी

माझं स्पष्ट मत आहे. न्यूरोपॅथीचं, म्हणजे नसांच्या आजाराचं, निदान झालेल्या माणसाला प्रिस्क्रिप्शनबरोबर त्याच दुखण्यातून जाणाऱ्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर मिळायला हवा. गोळ्यांना कमी लेखून मी हे म्हणत नाहीये. गोळ्या मीही रोज घेते, आणि त्यांच्याशिवाय माझं चालत नाही.

या आजाराची मोठी अडचण ही की तो दिसत नाही. सूज नाही, ताप नाही, पायाला प्लास्टर नाही. चारचौघांत बसून मी हसत-बोलत असते आणि त्याच वेळी तळपायांची आग आग होत असते, मध्येच करंट लागल्यासारखी चमक पोटरीपर्यंत जाते. समोरचा म्हणतो, "अगं, छान दिसतेयस की!" तो मनापासूनच म्हणतो. पण असं चार वेळा ऐकलं की माणूस दुखणं सांगायचंच सोडून देतो.

माझ्या बाबतीत तर रिपोर्टही नॉर्मल आला. पायाला बारीक शॉक देऊन नसांचा वेग मोजतात ना, ती नर्व्ह कंडक्शन टेस्ट. घरी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला मात्र रडू आलं. ती टेस्ट जाड तंतूंचा दोष पकडते. वेदना आणि गरम-थंड पोचवणारे बारीक तंतू तिच्यात दिसतच नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मधल्या काळात "टेन्शन घेऊ नकोस, मनाला लावून घेतेस तू" हे जवळच्या माणसांकडून किती ऐकलं! पुढे एका न्यूरॉलॉजिस्टनी घोट्याच्या वरून कातडीचा जेमतेम 3 मिलिमीटरचा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यात बारीक तंतू कमी झालेले दिसले. आजार आहे हे कळल्यावर बरं वाटावं हे विचित्र आहे, पण ज्यांना असं महिनोन्‌महिने कोणी खरं मानलेलं नाही त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

कारण मात्र सापडलं नाही. शुगर ठीक, बी-12 ठीक, थायरॉइड ठीक. डायबेटिस हे सगळ्यांत जास्त आढळणारं कारण. शिवाय बी-12 ची कमतरता, दारू, किडनीचे विकार, केमोथेरपीची काही औषधं, आनुवंशिक आजार अशी यादी लांब आहे. तरीही बऱ्याच जणांच्या फाइलवर 'कारण अज्ञात' असंच लिहिलेलं असतं. (मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी-12 तपासून घ्या. त्या गोळीने ते कमी होऊ शकतं.)

तर त्याच सुमारास ओळखीतल्या एका ताईंनी त्यांच्या नणंदेचा नंबर दिला. त्यांना पॅक्लिटॅक्सेलच्या केमोनंतर हातापायांना हाच त्रास सुरू झालेला. फोनवर नाव-गाव झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री पायांवर चादर सहन होते का तुम्हाला?"

हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. घरच्यांना तो सुचणं शक्यच नव्हतं, आणि दवाखान्यात तेवढा वेळ नव्हता. सुती चादर नुसती टेकली तरी अंगठ्याची कातडी सोलल्यासारखी वाटायची, आणि हे कोणाला सांगायचं म्हणजे आपणच नाटकी वाटू अशी भीती. मी "नाही" म्हटलं तर त्या सहज म्हणाल्या, "मग पायथ्याशी पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवा, पाय त्यात घाला आणि चादर वरून सोडा. पायाला लागत नाही. आणि मोजे उलटे करून घाला, शिवण टोचत नाही." त्या रात्री खोका ठेवला. बऱ्याच दिवसांनी पाय उघडे न टाकता झोपले.

गोळ्यांबद्दलही त्यांनी नीट कल्पना दिली. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधं हळूहळू वाढवतात, सुरुवातीला गुंगी येते, आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. दुखणं निम्म्यावर आलं तरी औषध चांगलं लागू पडलं असं समजायचं. हे आधी कळलं नसतं तर दोन आठवड्यांत 'काही उपयोग नाही' म्हणून मी गोळ्या सोडल्या असत्या, कारण मी शून्याची वाट बघत होते. बिघडलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तोच मुळी दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, आणि पायाच्या तंतूंची लांबी जवळजवळ मीटरभर. सगळ्यांत लांबचे तंतू आधी बिघडतात म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो. धीर किती धरायचा हे या आकड्यांवरून मला पहिल्यांदा समजलं.

पेशंटनी पेशंटला आधार द्यायचा ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. अमेरिकेत रॉबर्ट बेन्सन यांना गियाँ-बारे झाला. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. ते त्यातून उठले आणि 1980 मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी एस्टेल यांनी अशाच पेशंटसाठी आधारगट सुरू केला. आज ती संस्था कितीतरी देशांत काम करते.

पण या गटांबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगते. जिथे दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजला कोणीतरी 'हमखास बरं करणारं' तेल किंवा पावडर विकायला येतं, तिथून बाहेर पडा. 'नसांसाठी चांगलं' म्हणून बी-6 च्या जास्त ताकदीच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेणारे लोक मी पाहिलेत. जास्त प्रमाणात बी-6 नेच न्यूरोपॅथी होते. चांगल्या गटात लोक अनुभव सांगतात, डोस सांगत नाहीत.

आणि घरची माणसं? त्यांचं काम वेगळं आहे, ते दुसरा पेशंट करू शकत नाही. माझ्या पायांची आग होते, पण खरोखर गरम पाणी मात्र पायाला कळत नाही. दोन्ही एकाच वेळी. म्हणून बादलीत आधी मुलगी हात घालते. रात्री जेवणं झाली की ती पलंगावर बसते, "आई, पाय दे" म्हणते, आणि मोबाइलच्या टॉर्चने तळवा, टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्या बघते. एकदा करंगळीखाली फोड दिसला. नव्या चपलेचा पट्टा दिवसभर घासत होता आणि मला पत्ताच नव्हता. डायबेटिस असलेल्यांत असाच न कळलेला फोड चिघळून पाय गमावण्यापर्यंत वेळ जाते. बघायला कोणी नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून स्वतः बघा, पण रोज बघा.

नातेवाइकांना एवढीच विनंती: "आता कसं वाटतंय?" असं विचारू नका, त्याला "ठीक आहे" याशिवाय उत्तर नसतं. "आज जिना चढायला जमेल, की आम्हीच खाली येऊ?" असं विचारा. आणि ठरलेला कार्यक्रम आम्ही ऐनवेळी रद्द केला तर पुढच्या वेळी बोलवायचं थांबवू नका.

मी माझ्या डॉक्टरांकडे माझा नंबर देऊन ठेवलाय. नवा पेशंट असेल आणि त्याची इच्छा असेल तर त्याला द्या, म्हटलं. त्यांना आधी थोडं नवल वाटलं, मग त्यांनी तो डायरीत लिहून घेतला. आतापर्यंत काही फोन आले, त्यातले बरेचसे रात्री उशिरा, कारण त्रास तेव्हाच वाढतो. तुम्हाला हा आजार होऊन काही वर्षं झाली असतील तर पुढच्या तपासणीला तुम्हीही नंबर देऊन या. आणि नुकतंच निदान झालं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "असा दुसरा कोणी पेशंट आहे का, जो माझ्याशी बोलेल?"