चकलीला चौदा आकडे

बँकेत तेहेतीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. "झेरॉक्सवर सही करा", "आधारवर मधलं नाव वेगळं दिसतंय", "साहेब जेवायला गेलेत" ही वाक्यं मी लोकांना ज्या प्रेमाने ऐकवली, त्यांची नोंद वर कुठेतरी होत असावी. कारण मी निवृत्त झालो आणि हिने चकल्या विकायचं ठरवलं.

हिच्या चकलीला आमच्या डोंबिवलीत नाव आहे. २०२३ च्या पावसाळ्यात सोसायटीखालचा छोटा गाळा भाड्याने मिळत होता. "भाजणी मी बघते, तळण मी बघते. तुम्ही कागदपत्रं तेवढी बघा," ही म्हणाली. तेवढी!

शेजारचा मुलगा सीएचा अभ्यास करतो. त्याने धीर दिला. "काका, आता सगळं सोपं झालंय. २०१७ च्या दुकाने कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीच नाही. ऑनलाइन नुसती सूचना द्यायची. आणि इन्स्पेक्टर हा शब्दही गेला. आता त्यांना सुविधाकार म्हणतात." कामगार आमच्याकडे दोन. त्यातला एक मी, बिनपगारी. सूचना दिली, पोचपावती आली आणि मी ती घेऊन चालू खातं उघडायला बँकेत गेलो.

"शॉप ॲक्टचं लायसन्स?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"आता लायसन्स नसतं. ही पावती असते."

"सर, आमच्या लिस्टमध्ये लायसन्स लिहिलंय."

तो स्वर मी लगेच ओळखला. माझाच होता.

अन्नाची नोंदणी त्या मानाने स्वस्त. तेव्हा बारा लाखांच्या आत उलाढाल असली की वर्षाला शंभर रुपये लागत. शंभर रुपये भरायला मला चार दुपारी लागल्या, ही गोष्ट वेगळी. एकदा फोटो मोठा, मग फोटो लहान, मग ओटीपी यायच्या आत पान झोपलं. पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल जोडलं, ते अजून वडिलांच्या नावावर. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण बिल ते नियमित भरतात. शेवटी एकदाचा चौदा आकडी क्रमांक आला. आमच्या पत्रिकेत गुण अठराच जुळले होते आणि संसार झाला. चकलीला आकडे चौदा.

मग काटा. ऑनलाइन मागवलेला घरगुती काटा व्यापाराला चालत नाही हे मला दुकानदाराने सांगितलं. वैध मापनवाल्यांचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा शिक्का असलेला काटा हवा, आणि तो दरवर्षी तपासून पुन्हा शिक्का घ्यायचा. हे मला पटलं. मीही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो.

खरी परीक्षा लेबलची. दोनशे ग्रॅमचं पाकीट केवढं? तळहाताएवढं. त्यावर पदार्थाचं नाव, करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावी ती तारीख, बॅच नंबर, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि ते चौदा आकडे. शिवाय एका ग्रॅमची किंमत. नव्वद रुपयांना दोनशे ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला पंचेचाळीस पैसे. हे कळल्यापासून ही चकली सोऱ्यातून पाडताना तुटली की माझ्याकडे बघते.

आणि घटकपदार्थ. तेही वजनाच्या उतरत्या क्रमाने. रात्री मी वही-पेन घेऊन स्वयंपाकघरात बसलो.

"तांदूळ किती?"

"चार वाट्या."

"वाटी किती ग्रॅमची?"

"आईंची वाटी."

मग माझ्या कैलासवासी आईची पितळी वाटी शिक्क्याच्या काट्यावर चढली. हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ इथपर्यंत ठीक चाललं. मीठ "चवीपुरतं" आलं तिथे मी पेन खाली ठेवलं. ओवा म्हणे चिमूटभर. हिने तीन वेळा काट्यावर चिमूट सोडली, तिन्ही वेळा काट्याने शून्य दाखवलं. सरकारमान्य वजनाप्रमाणे आमच्या चकलीत ओवा नव्हताच. तरी मी तो यादीत शेवटी लिहिला. घातला आहे तर लपवायचा कशाला?

छापखान्यात नवा पेच. पाकिटावरची सक्तीची माहिती हिंदीत, देवनागरी लिपीत, नाहीतर इंग्रजीत पाहिजे. मराठी हवी असेल तर वरून जोडा, हरकत नाही. आणि त्याच आठवड्यात दुकानाची पाटी रंगवणारा सांगत होता, "काका, पाटी मराठीतच लागते. दुसऱ्या लिपीतलं अक्षर मराठीपेक्षा मोठं दिसलं तर दंड." सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिल्याच्या बातमीचं कात्रणच त्याने खिशात ठेवलं होतं. धंदा जोरात होता त्याचा.

म्हणजे दुकान मराठी आणि चकली हिंदी किंवा इंग्रजी. छापखानेवाला म्हणाला, "हिंदीच ठेवू, लिपी तीच आहे." 'चकली' लिहिलं. हे मराठीत झालं की हिंदीत, यावर आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो. 'ओवा'चं 'अजवाइन' झालं. 'भाजणी'पाशी मात्र गाडं अडलं ते अडलंच. शेवटी सगळं इंग्रजीत केलं, खाली बारीक मराठी.

एकेक नियम सुटा घेतला तर माझं काही भांडण नाही. काटा खरा हवा, भाव छापलेला हवा, पाटी माझ्या भाषेत हवी. पण हे नियम करणारी मंडळी एकमेकांना कधी भेटलेली दिसत नाहीत. एकाच लग्नाला पाच मामांनी पाच आचारी सांगून ठेवावेत, तसं झालंय. त्यातल्या एकाने जरी मसुदा करण्याआधी दोनशे ग्रॅमचं पाकीट समोर ठेवून त्यावर हे सगळं बसवून पाहिलं असतं, तर माझे दोन आठवडे वाचले असते. आमची अक्षरं बसेनात, म्हणून आम्ही पाकीट मोठं घेतलं. आता चकल्या तळाशी आणि वर नियम.

त्याआधी ऑगस्टमध्ये संसदेने जनविश्वास कायदा केला, ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली शिक्षा काढली किंवा सौम्य केली. मी पेपर हिला मोठ्याने वाचून दाखवला. "म्हणजे आता तुम्हाला तुरुंगात नाही टाकणार?" हिने विचारलं. मी म्हटलं, मुळात टाकणार होते हेच मला ठाऊक नव्हतं. जीएसटीची भीती तेवढी नव्हती. चाळीस लाखांच्या चकल्या पाडायला सात जन्म लागतील. तरी हिच्या डोक्यात पापडाचं प्रकरण होतं. २०२१ मध्ये गोल पापडाला कर माफ आणि चौकोनी पापडाला लागू, अशी चर्चा उठली होती, आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला होता की पापडाचा आकार बघून कर ठरत नाही. "आपली गोलच आहे बाई," असं म्हणून ही तळायला बसली.

दिवाळीच्या आधी एक हजार लेबलं छापून आली. पहिल्या आठवड्यात शंभर पाकिटं गेली. एक गिऱ्हाईक पाकीट हलवून म्हणालं, "अर्धं रिकामं आहे की हो! काय फसवता?" मी त्यांना लेबल दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, घातला आणि वाचायचं सोडून दिलं.

वसुबारसेच्या सकाळी सहाला माझा मोबाइल वाजला.

"ग्राहक सेवा का?"

मी अंथरुणात उठून बसलो. लेबलवरचा नंबर माझाच होता. "हो, बोला."

पलीकडे ठाण्याच्या कुणी आजी होत्या. "चकली खुसखुशीत आहे हो. पण ओवा कशाला घातलात? जिरं घाला, जिरं. आमच्याकडे नेहमी जिरंच असतं."

फोन स्पीकरवर होता. ही चहा गाळता गाळता ऐकत होती.

"बरोबर सांगताहेत त्या," ही म्हणाली. "पुढच्या घाण्यापासून जिरंच घालते."

मी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बघितलं. त्यात नऊशे लेबलं होती.