'परदेशी वाईन म्हणजे कार्बनचा डोंगर' : एका फॉरवर्डला उत्तर

नाताळ जवळ आला की पणजी-मडगावच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरू लागतो: फ्रान्सची वाईन हजारो किलोमीटरवरून येते, म्हणून तिचा कार्बन अफाट; नाशिकची प्या, नाहीतर आपली गोव्याची पोर्ट (गोड वाईन), तिचा कार्बन शून्य. देशी वाईन खुशाल प्या. हिशेब मात्र गंडलाय.

आधी अंतर. एक टन माल एक किलोमीटर न्यायला कंटेनरचं जहाज साधारण १० ते १५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, ट्रक शंभरच्या आसपास. सुएझमार्गे फ्रान्स ते न्हावाशेवा सुमारे १२,००० किलोमीटर. भरलेली बाटली सव्वा किलोची धरली, तर समुद्रप्रवासाचे दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम होतात. आफ्रिकेला वळसा घालावा लागला तर पावणेदोन पट धरा. पुढे गोव्यापर्यंत ट्रक आहेच, पण जवळपास तेवढाच नाशिकच्या बाटलीलाही लागतो. म्हणजे नाशिक जिंकतं, पण दोनेकशे ग्रॅमने. (विमानाने आणलेल्या वाईनला 'अफाट' म्हणा, हरकत नाही. तिथे किलोमीटरमागचा आकडा जहाजाच्या चाळीस-पन्नास पट जातो.)

मेसेजमध्ये जिचा उल्लेखच नाही, ती गोष्ट म्हणजे काच. काचेची भट्टी दीड हजार अंशांवर अहोरात्र पेटलेली असते. किलोभर काचेमागे ढोबळमानाने किलोभर कार्बन. हलकी बाटली ४०० ग्रॅमची असते, आणि भारी दिसावी म्हणून केलेली जाड बुडाची ९०० ग्रॅमचीही. नाशिकची वाईन जाड बाटलीत आणि फ्रान्सची हलक्या बाटलीत आली, की पारडं उलटलंच. ऑस्ट्रेलियाची बरीचशी वाईन ब्रिटनला सुटीच जाते: २० फुटी कंटेनरमध्ये एक प्रचंड पिशवी, तिच्यात २४,००० लिटर. बाटल्या तिकडे भरतात. त्याच कंटेनरमध्ये बाटल्या रचल्या तर निम्मीही वाईन मावत नाही.

'द्राक्षं आंबताना कार्बन सुटतो' असंही त्या मेसेजमध्ये आहे. तो वेलाने हवेतूनच घेतलेला असतो. सोडून द्या.

आणि गोव्याची पोर्ट? पेडण्यापासून काणकोणपर्यंत हिंडून द्राक्षांचे मळे शोधा बघू. द्राक्षं येतात घाटावरून, ट्रकनेच. शून्याच्या जवळ जायचंच असेल तर मार्चपर्यंत थांबा आणि हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, घ्या: बोंडं इथलीच, बाटली घरून नेलेली. ती गाळायच्या भट्टीखालच्या लाकडांचा हिशेब मग वेगळा मांडू.