आई रडली नाही म्हणून

आरुषीला कोणी मारलं, यावर परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान झालं. कुणीतरी एक रील टाकली आणि खाली पोल लावला. आईवडील, नोकर, बाहेरचं कोणीतरी, सांगता येत नाही. भराभर मतं पडली. संध्याकाळपर्यंत आईवडील पुढे होते, त्यांच्या मागे नोकर, आणि 'सांगता येत नाही'ला जेमतेम दोनचार मतं.

मी ठाण्यात फौजदारी वकिली करते. कोर्टनाक्यावर माझ्या हातातून रोज पंचनामे, जबाब, सीए रिपोर्ट (म्हणजे रासायनिक विश्लेषकाचे अहवाल), पोस्टमॉर्टेमचे कागद जातात. खून सिद्ध करायला काय लागतं आणि तपासात कुठे कुठे माती खाल्ली जाते, हे जवळून बघते. तो पोल पाहून मला संताप आला. पोल लावणारे आणि मत देणारे सगळे माझ्या ओळखीचे, सज्जन, मुलाबाळांचे लोक आहेत. म्हणून तर जास्त.

आधी काय घडलं ते. १६ मे २००८, नोएडातलं जलवायू विहार. सकाळी एका फ्लॅटमध्ये तेरा वर्षांची आरुषी तलवार तिच्या बिछान्यात मृतावस्थेत सापडली. चौदावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. घरकामाला असलेला हेमराज घरात नव्हता. तो नेपाळचा, पंचेचाळिशीचा, घरदार सोडून पोटासाठी आलेला. पोलिसांनी लगेच ठरवून टाकलं की खून त्याने केला आणि पळाला. त्याच्या शोधाला पथकं निघाली, बातम्यांत 'नोकराने मालकाच्या मुलीला मारलं' सुरू झालं. दुसऱ्या दिवशी, १७ मे रोजी, त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचं प्रेत सापडलं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. त्या दारावरचे रक्ताचे डाग आदल्या दिवशी घरी आलेल्या लोकांनी पाहिले होते. कुलूप फोडून वर जायचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही.

म्हणजे पूर्ण एक दिवस सगळा देश एका खून झालेल्या माणसाला खुनी म्हणत होता, आणि तो त्याच घराच्या डोक्यावर उन्हात पडलेला होता. मे महिना, उत्तर भारतातलं ऊन. त्याचे नातेवाईक गावी टीव्हीवर काय ऐकत असतील? या प्रकरणातलं बाकी सगळं विसरले तरी हे मला विसरता येत नाही. आणि तरीही सतरा-अठरा वर्षांनी आमच्या पोलमध्ये 'नोकर' हा पर्याय होताच. हेमराज त्या रात्रीचा दुसरा बळी आहे, हे रीलमध्ये आलं तरी होतं का कोण जाणे. त्याच्या नावाने कुणी पोल लावत नाही. आपण या प्रकरणालासुद्धा एकटीचंच नाव देतो.

हेमराजचं प्रेत सापडल्यावर बोट दुसरीकडे वळलं. २३ मे रोजी वडिलांना अटक झाली. पोलिसांच्या एका बड्या अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेऊन तेरा वर्षांच्या मुलीच्या चारित्र्याबद्दल देशासमोर वाटेल ते सांगितलं. सांगताना तिचं नावही त्यांना नीट आठवत नव्हतं, ते तिला 'श्रुती' म्हणत होते. मग १ जूनला तपास सीबीआयकडे गेला. संशय वडिलांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरवर आणि ओळखीच्या घरांतल्या दोन नोकरांवर आला. त्यांच्या नार्को चाचण्या, म्हणजे गुंगीचं औषध देऊन केलेली चौकशी, झाल्या, त्यांची चित्रफीत वाहिन्यांवर फिरली, लोकांनी पुन्हा एकदा निकाल लावला. त्या तिघांविरुद्ध आरोपपत्र कधीच दाखल झालं नाही. संमतीशिवाय नार्को करणं घटनाबाह्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, पण तोवर त्या माणसांचे चेहरे घराघरांत ओळखीचे झाले होते. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयने पुरेसा पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद करायचा अहवाल दिला. जानेवारी २०११ मध्ये गाझियाबादच्या कोर्टाच्या आवारात एका तरुणाने वडिलांवर कोयत्यासारख्या हत्याराने वार केले. त्याचा या घराशी काही संबंध नव्हता. तो बातम्या बघणारा माणूस होता, तुमच्याआमच्यासारखा.

पुढे न्यायालयाने तो बंद करायचा अहवालच आरोपपत्र मानून खटला चालवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली, १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. त्या निकालाला सीबीआयने आणि हेमराजच्या पत्नीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. या प्रत्येक वळणावर 'मला पहिल्यापासून वाटतच होतं' म्हणणारी माणसं मला भेटली आहेत, आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की पुष्कळदा तीच माणसं.

मी त्या आईवडिलांची वकील नाही. त्यांनी केलं किंवा केलं नाही, हे मला माहीत नाही, आणि मला ते माहीत आहे असा आव मी आणणार नाही. मला बोलायचं आहे ते ग्रुपवरच्या कारणांबद्दल. पोलखाली लोकांनी आपापल्या मताचं कारणही लिहिलं होतं. सर्वांत जास्त वेळा आलेलं कारण एकच: आई रडली नाही. मुलाखतीत किती शांत बोलत होती बघा. आपल्या मुलीचं असं झालं असतं तर आपण उभे तरी राहिलो असतो का?

उभे राहतात. मी पाहिलंय. मूल गेलेल्या आया साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून, नाकासमोर बघत, तारीख आणि वेळ सांगतात. एखादी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. एखादी मधेच विचारते, साहेब, पुढची तारीख दुपारची मिळेल का, सकाळी कामावर जायचं असतं. त्या क्षणी बघणाऱ्याला वाटेल, हिला काही वाटतंय की नाही. आपल्याकडे अंत्ययात्रेतसुद्धा ऊर बडवणारी कोण आणि कोपऱ्यात गप्प बसलेली कोण, यावरून माया मोजायची सवय आहे. ती सवय आपण खुनाच्या तपासात नेतो आणि तिला पुरावा म्हणतो.

ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण या बाबतीत प्रत्येकाने वाचावं. ऑगस्ट १९८० मध्ये उलुरूजवळच्या तंबूतून अझारिया चेंबरलेन नावाची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. आई, लिंडी, पहिल्या रात्रीपासून सांगत होती की डिंगोने, तिथल्या रानटी कुत्र्याने, बाळ नेलं. लोकांना ती टीव्हीवर फार कोरडी वाटली. अझारिया या नावाचा अर्थ 'रानात दिलेला बळी' असा होतो, अशी अफवा उठली. ती धादांत खोटी होती. गाडीत बाळाचं रक्त सापडल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. ते डाग बरेचसे गाडीचा आवाज कमी करायला कारखान्यात फवारतात त्या रसायनाचे होते, हे पुढे उघड झालं. १९८२ मध्ये आईला जन्मठेप झाली, कैदेत असतानाच ती बाळंत झाली. १९८६ मध्ये डिंगोंच्या गुहांजवळ बाळाचं जाकीट सापडलं तेव्हा ती सुटली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यू डिंगोमुळेच झाला अशी अधिकृत नोंद व्हायला २०१२ उजाडलं. बत्तीस वर्षं. मूल गेलं ते गेलंच, वर आईला खुनी ठरवलं, आणि सुरुवात कुठून झाली, तर तिचा चेहरा लोकांना पटला नाही.

आरुषी-हेमराज प्रकरण सुटत का नाही, याचं उत्तर मला विचाराल तर ते कुणाच्या चेहऱ्यात नसून पहिल्या दिवसात आहे. त्या सकाळी फ्लॅटमध्ये शेजारी, नातेवाईक, पोलीस, पत्रकार सगळे फिरत होते. गादी उचलून शेजारच्या गच्चीवर ठेवली गेली. ज्या घराला दोरी बांधून बंद करायचं, बोटांचे ठसे घ्यायचे, प्रत्येक वस्तू पंचांसमोर वेगळ्या पाकिटात घालून लाखेने सील करायची, ते घर सार्वजनिक झालं. हत्यार आधी खुखरी म्हटलं गेलं, नंतर गोल्फची काठी. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालात कंपाउंडरच्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचं रक्त असल्याची नोंद होती. ती टंकलेखनाची चूक होती, हेमराजच्या आणि कंपाउंडरच्या अभ्र्यांच्या नोंदींची अदलाबदल झाली होती, असा खुलासा २०११ मध्ये आला. दोन माणसांच्या खुनाच्या प्रकरणात एक अभ्रा कुठला आणि दुसरा कुठला, याचा वाद वर्षानुवर्षं पुरला.

आमच्या रोजच्या कामात हेच लहान प्रमाणात दिसतं. मुद्देमालाच्या पाकिटावर सही एकाची आणि नोंदवहीत नाव दुसऱ्याचं. पंच म्हणून तीच ती नेहमीची माणसं. नमुना मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायला झालेला उशीर, आणि तेवढे दिवस तो कुठे ठेवला होता याचा पत्ता नाही. अशा भोकांतून आरोपी सुटला की बाहेर लोक म्हणतात, वकिलांनी सोडवला.

उच्च न्यायालयाने २०१७ च्या निकालात खालच्या न्यायाधीशांवर कडक शब्दांत टीका केली. गणिताचे शिक्षक उदाहरण सोडवतात तसं त्यांनी काही गोष्टी गृहीत धरल्या, आणि चित्रपटाच्या दिग्दर्शकासारखी विखुरलेल्या तथ्यांची जुळणी केली, असा त्याचा आशय आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला माणूसही मधल्या रिकाम्या जागा कल्पनेने भरून टाकतो, तर फोनवर रील बघणाऱ्याचं काय? या रिकाम्या जागांसाठीच कायद्याने नियम केलेत, आणि त्यातला सर्वांत गाजलेला निकाल महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितिजन्य, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसतानाच्या, पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली. त्यांना पंचशील म्हणतात. साखळीतला प्रत्येक दुवा पक्का हवा, साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची दुसरी कुठलीही शक्यता शिल्लक राहता कामा नये. त्या खटल्यात आरोपी सुटला. पुण्यात तेव्हा लोकांना ते आवडलं नसणार. पण आज माझ्या एखाद्या गरीब अशिलावर संशयाखेरीज काही नसतं, तेव्हा मी त्याच निकालाचा आधार घेते.

गरीब अशील म्हणाले, कारण शेवटी सगळं तिथे येतं. ज्याच्यावर आधी संशय घ्यायचा तो माणूस आपल्या मनात तयारच असतो. पोखरण रोडच्या आमच्या इमारतींत लोकमान्यनगर, सावरकरनगरहून चालत येणाऱ्या मावशी आहेत, नेपाळहून, बिहारहून आलेले वॉचमन आहेत. कुणाची सोनसाखळी सापडेना झाली की पहिला फोटो त्यांचा फिरतो. मागे आमच्याच ग्रुपवर एका मावशींचा फोटो 'सावध राहा' म्हणून आला. साखळी त्याच घरात कपाटामागे सापडली. फोटो तोवर तीन सोसायट्यांत गेला होता आणि मावशींची दोन कामं सुटली होती. परत कुणी माफीचा मेसेज टाकला नाही.

आणि जिथे सोसायटी नाही, गाव आहे, तिथे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली भटकी माणसं होती ती. जमावातले सगळे मुलांच्या काळजीपोटीच आले होते तिथे. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पोल आणि राईनपाडा यांत फार अंतर आहे, मान्य. पण दोन्हीकडे पुराव्याची जागा 'मला वाटतं'ने घेतली आहे.

मी गप्प बसा म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरमध्ये, आपल्याच जिल्ह्यात, शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला तेव्हा लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यांचा मुख्य सवाल तपासाबद्दल होता: पालकांना तक्रारीसाठी तासन्‌तास का ताटकळत ठेवलं, शाळेने काय केलं? म्हणून पोलीस निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. असा राग मला हवा आहे. त्याच गर्दीत 'आत्ताच फाशी द्या'च्याही घोषणा होत्या. महिनाभरात आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मेला, फटाके वाजले, आणि त्याच्यावरचा खटला चालायचा कायमचा राहून गेला.

एक कायद्याची गोष्ट. गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रुपवर फॉरवर्ड करताना हे लक्षात ठेवा. मी आरुषीचं नाव घेते आहे, कारण ते २००८ मध्येच सगळ्यांनी मिळून चव्हाट्यावर आणलं आणि निकालपत्रांतही छापलेलं आहे. पुढच्या मुलाचं तसं व्हायला नको.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. पोलिसांत तक्रार दिल्याशिवाय कुठल्याही मावशीचा, वॉचमनचा किंवा डिलिव्हरीवाल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, आणि ज्याने टाकला त्यानेच चूक निघाल्यावर त्याच ग्रुपवर नाव घेऊन माफी मागायची, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. आमच्या इमारतीतलं कोणी हे वाचत असेल तर सभेआधी मला सांगा.