महिन्यात कुंडीभर आलं? खुलासा

‘आल्याचा तुकडा कुंडीत खोचा, गच्चीवर कडक उन्हात ठेवा, तीस दिवसांत किलोभर आलं काढा’ असा मेसेज सध्या नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. त्यात खरं एवढंच, की आलं कुंडीत येतं.

तीस दिवसांत फार तर हिरवा कोंब वर दिसतो. खायला कोवळं आलं हवं तर पाचेक महिने थांबा. भरलेला, जाड सालीचा कंद यायला आठ ते दहा महिने लागतात. मे अखेरीस लावलं तर थंडीत पानं पिवळी पडून वाळू लागतात, तेव्हा काढायचं. घाई असेल तर कडेची माती बोटांनी सारून आल्याचं एखादं बोट तोडून घ्या, झाड जगतं.

कडक ऊन तर विसराच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पानं करपतात. सकाळचं कोवळं ऊन, नंतर हिरव्या जाळीची सावली. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी घ्या, कंद आडवा पसरतो. आणि नुसती काळी माती भरू नका. पावसाळ्यात पाणी साचून कंद कुजतो. वाळू, शेणखत मिसळा. लावायचा तुकडा डोळा (जिथून कोंब फुटतो तो उंचवटा) असलेलाच हवा.