आजोबा युद्धकैदी होते, म्हणजे आझाद हिंद सेनेतच होते असं नाही

“दुसऱ्या महायुद्धात पकडला गेलेला प्रत्येक मराठी जवान आझाद हिंद सेनेत गेला. सगळे कागद लंडनला आहेत. 5,000 रुपये भरा, कागद घ्या, स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू करा.” हा मेसेज काल आमच्या मामांकडे आला आणि ते पैसे भरायला निघाले. म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्यातलं सगळ्यात मोठं खोटं. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं आणि 17 तारखेला फॅरर पार्कवर 40,000 च्या आसपास भारतीय जवान जपान्यांच्या ताब्यात गेले. त्यांतले हजारो आझाद हिंद सेनेत गेले, हे खरंच आहे. पण हजारो गेलेही नाहीत. त्यांतल्या कित्येकांना जपान्यांनी जहाजात कोंबून न्यू गिनी, न्यू ब्रिटनला मजुरीला नेलं. उपासमारीने आणि आजाराने अनेक जण तिथेच संपले. त्यांच्या नातवंडांना खोटा इतिहास विकायचा, हे मला सहन होत नाही.

शिवाय तुमचे आजोबा सिंगापूरलाच सापडले, हे ठरवलं कुणी? मराठा लाइट इन्फन्ट्रीची 2री पलटण, ‘काली पांचवी’, 21 जून 1942 ला लिबियातल्या तोब्रुकला जर्मन सेनापती रोमेलच्या हाती लागली. तोब्रुकचे भारतीय कैदी इटलीत गेले. अव्हेझ्झानोची 91 नंबरची छावणी भारतीयांचीच होती. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने हत्यार टाकल्यावर काही जण डोंगरात पळाले, बाकीच्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवलं. मे 1944 मध्ये फ्रान्समधल्या एपिनालवर बॉम्ब पडले, तेव्हा छावणीतून सुटलेले 500 च्या आसपास भारतीय स्वित्झर्लंडला पोचले. यात आझाद हिंद सेना कुठे आली?

तेव्हा आधी पलटण शोधा. ट्रंकेतली पदकं काढा. आफ्रिका स्टार असेल तर 10 जून 1940 ते 12 मे 1943 या काळातली आफ्रिकेकडची नोकरी. मलाया-सिंगापूरला पॅसिफिक स्टार. पदकाच्या मागे किंवा कडेवर सैनिकी नंबर आणि नाव ठोकलेलं आहे का, भिंग लावून पाहा. ब्रासो घासू नका, अक्षरं झिजतात.

कागद लंडनला? अधिकाऱ्यांच्या फायली ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जवानांचे शीट रोल, म्हणजे नोकरीच्या नोंदीचे कागद, मात्र इथेच, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात राहिले: मराठा बेळगावला, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्स (सैन्याचे इंजिनिअर) खडकीला. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात नंबर, आजोबांच्या वडिलांचं नाव, गाव आणि *तेव्हाचा* जिल्हा लिहा. इथेच बहुतेक अर्ज फसतात. तासगाव, वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, मालवण रत्नागिरीत, सावंतवाडी तर संस्थान. नंबर नसेल तर एकाच नावाचे दहा जण निघतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकारही द्या.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. “कागद सापडत नाहीत” ही तक्रार अर्धी खरी आहे. ज्यांना पेन्शन नव्हती अशा जवानांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करायची, असा सैन्याचाच नियम आहे, आणि 1946 मध्ये घरी आलेले बरेचसे याच वर्गातले. पण म्हणून कागद लंडनला गेले असं होत नाही, आणि एजंटाला 5,000 दिले म्हणून जळालेला शीट रोल परत येत नाही.

पेन्शनचं एका ओळीत: स्वातंत्र्यसैनिक पेन्शन नातवंडांना मिळतच नाही.

मेसेजमधल्या दोन लिंकही चुकीच्या आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या यादीत फक्त मृत सैनिक असतात. आजोबा जिवंत परतले असतील तर नाव तिथे नसणारच. रेड क्रॉसची दिलेली वेबसाइट पहिल्या महायुद्धाच्या कैद्यांची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यासाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉस अभिलेखागाराकडे वेगळा अर्ज करावा लागतो. ते ठरावीक काळात मर्यादित अर्जच घेतात, त्यामुळे नाव, वडिलांचं नाव, पलटण आणि पकडल्याची जागा आधीच इंग्रजीत लिहून ठेवा.