पात्याला गार्ड, डोक्याला ताप

जुन्या बाजारातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा आणून मी दोन महिने सुरी बनवतोय हे अख्ख्या सोसायटीला माहितीये, ग्राइंडरच्या कृपेने. पातं घासून झालं, लालबुंद करून तेलात विझवून झालं, आईच्या ओटीजीत २०० अंशांवर दोन तास टेम्परिंगही (पात्याचा ठिसूळपणा घालवायला मंद आचेवर मुरवणं) झालं (त्यानंतरच्या नानकटाईला ऑइलचा वास होता, पण कोणी बोललं नाही). आता फक्त पितळी गार्ड, म्हणजे मूठ नि पात्याच्या मधली आडवी पट्टी, सोल्डर करायचा राहिला होता. फक्त!

भानगड अशीये की माझं सोल्डर कथलाचं, त्यात ४ टक्के चांदी, ते वितळतं २२१ला आणि पातं मुरलंय २००ला. जरा जास्त आच लागली की पातं आधी गवती पिवळं, मग तपकिरी, मग जांभळं आणि निळं झालं की समजायचं ३००च्या आसपास पोचलं, तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं.

मी काय केलं, तर गॅसचा टॉर्च थेट सोल्डरवरच धरला. त्याचे गोळे होऊन टुणटुण उड्या मारत खाली, एक माझ्या चपलेत. पितळ ढिम्म. मग चिडून ज्योत पात्यावर नेली, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "अगंबाई, काय सुंदर मोरपिशी रंग आलाय रे!"

काय सांगणार. परत लालबुंद, परत तेल, परत ओटीजी.

दुसऱ्या वेळी आई स्टूल घेऊनच बसली. म्हणाली, "आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, तो कथलाला कधी आच द्यायचा नाही, भांडं तापवायचा. नवसागर भुरभुरवायचा नि कथील नुसतं टेकवायचा, पळायचं आपोआप. आणि भांडं आधी घासलेलं असायचं हो." शेवटचं वाक्य माझ्या बोटांकडे बघून, मी नुकतीच भजी खाल्ली होती.

बरं. पॉलिश पेपर मारला, फ्लक्स (आपला नवसागरच समजा) लावला, पात्याचं मुठीत जाणारं शेपूट व्हाइसमध्ये, टोक वर, पात्याला ओलं फडकं, सोल्डरचा बारीक तुकडा फटीशी ठेवला आणि ज्योत खालून, गार्डच्या पितळेवर. फ्लक्स उकळला, फेसाळला, नाकात झोंबला, काहीच होईना, मी टॉर्च जवळ नेणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब", आणि तो तुकडा एकदम ओला दिसायला लागला नि सळकन चांदीची रेघ पात्याभोवती फिरली. मी ओरडलोच.

त्या आनंदात फ्लक्स सोड्याच्या पाण्याने धुवायचं राहिलं. सकाळी गार्डच्या कडेने गंजाची भगवी रांगोळी. ती घासताना लक्षात आलं की गार्डची लांब बाजू, जी धारेकडे बोट सरकू नये म्हणून असते, ती मी पाठीकडे बसवलीये.

आईला अजून सांगितलं नाहीये. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेय.