सामान हरवलं की 24 तास थांबायचं, हे कोणी सांगितलं?

'ट्रेन-विमानात सामान हरवलं तर हे करा' असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हणलंय की 24 तास थांबा, त्याआधी तक्रार घेत नाहीत, मग सामान राहिलं त्याच स्टेशनला जाऊन अर्ज द्या, सापडलं नाही तर रेल्वे पूर्ण पैसे देते, अन विमानाची बॅग आली नाही तर घरी जाऊन मेल टाका. परभणीच्या माझ्या मावशीनं यावर विश्वास ठेवला आणि देवगिरी एक्सप्रेसमध्ये राहिलेल्या पिशवीसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसून राहिली. तेव्हा आता लिहावंच लागतंय.

24 तासांचा असा काही नियमच नाही! उलट पहिला अर्धा-एक तासच खरा कामाचा असतो. तुम्ही परभणीला उतरलात अन गाडी सेलू, परतूर, जालना करत मुंबईकडं निघाली, तेवढ्यात रेल्वेच्या 139 हेल्पलाइनला फोन लावून गाडी, पीएनआर, डबा, बर्थ, बॅगेचा रंग सांगितला तर पुढच्या स्टेशनवरचे आरपीएफवाले (रेल्वे सुरक्षा दलाचे जवान) डब्यात चढून ती उतरवून घेऊ शकतात. आरपीएफचं 'ऑपरेशन अमानत' आहेच त्यासाठी. रेलमदद ॲपवरूनही तक्रार करता येते. मग ओळखपत्र दाखवून, आत काय काय होतं ते सांगून सामान घेऊन यायचं. एक दिवस थांबलात तर तोवर गाडी मुंबईला रिकामी होऊन डबे झाडूनसुद्धा झालेले असतात, मग शोधणार कुठं?

त्याच स्टेशनला जा म्हणणं पण खोटं. चोरी झाली असंल तर चालत्या गाडीतच टीटीईकडून एफआयआरचा फॉर्म मागा, नाहीतर कुठल्याही लोहमार्ग पोलीस ठाण्यात द्या, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुणाचीही असली तरी तक्रार, घ्यावीच लागते.

भरपाईचं थोडं खरंय, पण थोडंच. रेल्वे कायदा 1989, कलम 100 वाचा. पावती करून बुक केलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेची. सोबत नेलेल्या सामानासाठी मात्र रेल्वे कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावं लागतं. प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातले 1 लाख रुपये चोरीला गेले, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 2023 मध्ये कोर्टानं सांगितलं की ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नाही. म्हणजे 'पूर्ण पैसे' विसरा.

विमानाचं तर घरी यायच्या आधीच बघायचं. चिकलठाण्याला उतरा नाहीतर हैदराबादला, पट्ट्यावर बॅग दिसली नाही की तिथंच कंपनीच्या काउंटरवर बॅगेच्या टॅगची चिठ्ठी दाखवून रिपोर्ट लिहून घ्या, त्याला पीआयआर म्हणतात, त्याचा नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.